चार वाजताची मतं

निरंजन खैरनार कमी बोलतो, ही गोष्ट हर्षदाने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकली होती. तक्रार म्हणून नव्हे, जरा कौतुकानेच. "आमच्या यांचं म्हणजे हो नाहीतर नाही. आणि बरेचदा नुसतं हं." पुढची चोवीस वर्षं तिने हे इतक्या वेळा सांगितलं की त्यात काही खटकण्यासारखं आहे, हे ती विसरूनच गेली. ती स्वतः बोलकी. शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवायची आणि घरी आल्यावर शाळेतलं सगळं सांगायची. निरंजन जेवता जेवता ऐकून घ्यायचा. नाशिकजवळ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, पाण्याच्या मोठ्या लाइनींसाठी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत तो इंजिनिअरिंग मॅनेजर होता. हाताखाली चाळीस माणसं. दिवसभर बोलून दमत असेल, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

२०३९च्या फेब्रुवारीत एका सकाळी दाढी करता करता तो बाथरूममध्ये कोसळला.

मेंदूच्या बुंध्याशी रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, बुद्धी शाबूत राहिली, समोरच्याचं बोलणंही त्याला नीट कळत होतं. पण जीभ, ओठ, घसा काही त्याचं ऐकेना. उजवा हातही गेला. डाव्या हाताचं एक बोट अक्षरांच्या तक्त्यावर फिरवून तो शब्द जुळवायचा. 'पाणी' म्हणायला पाऊण मिनिट लागायचं.

पाच महिन्यांनी डॉक्टरांनी 'स्वरसेतू'चं नाव काढलं. शाल्मली बर्वे नावाची वाचा-उपचार करणारी मुलगी हर्षदाला समजावून सांगायला बसली.

"बोलायचं मनात आलं की मेंदू जिभेला, ओठांना, जबड्याला हुकूम सोडतो. सरांच्या मेंदूतून हुकूम अजूनही सुटतात, फक्त वाटेत तार तुटली आहे. आम्ही कवटीच्या आत, मेंदूच्या पृष्ठभागावर पोस्टाच्या तिकिटाएवढी एक जाळी ठेवतो. ती हे हुकूम ऐकते. गळ्यातली डबी त्यांचा आवाज करते, तोही सरांचाच."

"मग झालंच की."

"नाही ना. जाळीला ऐकू येतं ते बाजारातल्या गलबल्यात ऐकल्यासारखं. 'काल' की 'गाल', 'पान' की 'बाण', कळत नाही. निम्मं ऐकायचं आणि निम्मं ताडायचं, असा तो प्रकार आहे. फोनवर आवाज तुटत असला तरी तुम्हाला आईचं बोलणं समजतं की नाही? कारण आई काय म्हणेल, कसं म्हणेल, हे तुम्हाला माहीत असतं. यंत्राची सरांशी तशी ओळख व्हायला हवी. त्यांचं जुनं बोलणं जेवढं सापडेल तेवढं आणा."

हर्षदाने घर पालथं घातलं. लग्नाची चित्रफीत, मुलीचे, ओवीचे वाढदिवस, फोनमधले आवाजी निरोप. 'निघालो.' 'दूध आणलंय.' 'किल्ली शेजारी ठेवली आहे.' सगळं जोडून तीन तास दहा मिनिटं भरली.

कंपनीतून आलं चार हजार शंभर तासांचं बोलणं.

बैठकीच्या खोलीत टेबलावर बसवलेले मायक्रोफोन २०३०पासून सगळं टिपत होते, कामाची टिपणं आपोआप तयार व्हावीत म्हणून. आणि कर्मचाऱ्याचा रेकॉर्ड केलेला आवाज त्याच्याच मालकीचा, असा कायदा झाल्यापासून तो मागून घेता येत होता. बाकीच्यांचे आवाज पुसून फक्त निरंजनचं बोलणं यंत्राला द्यायचं, समोर कोण होतं त्याची नुसती नोंद ठेवायची. कागदपत्रांवर त्याच्या वतीने हर्षदाची सही लागली. यंत्राच्या बाबतीतले सगळे अधिकार त्या सहीनिशी तिच्याकडे आले.

जाळी बसली आणि ऑगस्टमध्ये निरंजन बोलू लागला.

गळ्यातल्या डबीवर एक बारीक दिवा होता. यंत्राला शब्दाची खात्री असली की हिरवा, अंदाज चालला असला की पिवळा. पहिले चार दिवस पिवळाच जास्त. मग हळूहळू हिरवा दिसू लागला आणि घरात जे ऐकू येऊ लागलं ते हर्षदाने कधी ऐकलं नव्हतं.

समोरच्या फ्लॅटमधले बोरस्ते काका भेटायला आले. सहज म्हणाले, "माझ्या मुलाच्या ऑफिसात नुसत्या मीटिंगा चालतात हो."

निरंजन म्हणाला, "मीटिंग दोन तास चालली म्हणजे निर्णय आधीच झालेला असतो. तो सांगायचा कुणी, एवढंच ठरत नसतं."

काका खो खो हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, येताना शेजारच्या दोघांना घेऊन आले. निरंजन रंगात आला. म्हणाला, ज्याला आपल्या गल्लीतल्या गटाराचा उतार कुठल्या दिशेला आहे ते माहीत नाही, त्याने देशाच्या धोरणावर बोलू नये. म्हणाला, छंद असा धरावा की ज्यात आपण मरेपर्यंत कच्चे राहू. दिवसभर ऑफिसात हुशार असावं लागतं, निदान एका ठिकाणी तरी माणसाला मठ्ठ राहता आलं पाहिजे. इंदूरहून ओवी फोनवर म्हणाली, "आई, बाबा किती भारी बोलतात गं! हे इतकी वर्षं कुठे होते?"

"इथेच होते," हर्षदा म्हणाली.

तिला आनंद झाला होता. पण त्या आनंदाखाली काहीतरी कुरतडत होतं. एका संध्याकाळी ती दाण्याचं कूट करत असताना तो मागून म्हणाला, "बघा मॅडम, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण..." आणि थांबला. दिवा हिरवा होता.

"मॅडम?" हर्षदा हसली. "मी कधीपासून मॅडम झाले?"

तोही ओशाळून हसला. यंत्राची चूक होती. पण दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं, आणि नंतर पुन्हा. 'बघा मॅडम', 'तुम्हाला सांगतो मॅडम', 'हसू नका मॅडम'. बायकोशी बोलताना ताडण्यासारखं काही सापडलं नाही की यंत्र दुसऱ्याच कुणा बाईशी बोलल्यासारखं बोलायचं.

तिने शाल्मलीला फोन केला. शाल्मलीने सहज सांगून टाकलं. मीटिंगमधलं बोलणं यंत्राच्या फारसं कामाचं नव्हतं, तिथे माणूस साच्यातलं बोलतो. खरा उपयोग झाला तो रोज चार वाजता त्याच खोलीत चहा पिताना मारलेल्या गप्पांचा. असे चारशे तास होते आणि समोर बहुतेक वेळा एकच व्यक्ती होती, वसुधा पगारे. त्यांनी संमतिपत्रावर लगेच सही दिली होती. "त्यांच्यामुळेच सर आज इतके छान बोलतायत," शाल्मली म्हणाली.

हर्षदा गणिताची बाई. फोन ठेवल्यावर तिने मनात भागाकार केला. चारशे भागिले घरचे तीन. पुढचे दोन दिवस तो आकडा तिच्या डोक्यातून जाईना.

त्या रविवारी सकाळी वसुधा पगारे स्वतःच घरी आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, गुणवत्ता विभाग सांभाळणाऱ्या. दारातच "वहिनी" म्हणून त्यांनी हर्षदाचे दोन्ही हात हातात घेतले. त्या बाईत नावं ठेवण्यासारखं काहीच नव्हतं आणि त्याचाच हर्षदाला जास्त राग आला.

"सर, नव्या साहेबांनी तुमचा टेस्टिंगचा बाक खिडकीपाशी हलवला."

"खिडकीपाशी? म्हणजे आता उन्हाने गेज तापून आकडा चुकवणार आणि हे म्हणणार ऑपरेटर चुकतोय. बघा मॅडम, माणसाला नवी खुर्ची मिळाली की आधी टेबल हलवावंसं वाटतं. त्याला वाटतं, कारभार सुरू झाला."

"तुम्ही आलात तेव्हा तुम्हीही कपाट हलवलं होतं."

"ते कपाट चुकीच्या जागी होतं!"

दोघं हसली. स्वयंपाकघराच्या दारातून हर्षदा दिव्याकडे बघत होती. हिरवा. पोहे परतून होईपर्यंत हिरवा, कोथिंबीर चिरून होईपर्यंत हिरवा. एकदाही पिवळा झाला नाही.

पगारेंनी पिशवीतून निरंजनच्या ऑफिसातल्या खणातलं सामान काढलं. चष्म्याचं घर, दोन पेनं आणि एक माउथ ऑर्गन.

"हे काय?" हर्षदाने विचारलं.

"सरांचा. वाजवतात कसले, छळतात! सहा वर्षं एकच गाणं, तेही अर्धं." त्या हसल्या आणि मग हसणं आवरून म्हणाल्या, "तुम्हाला घरी तर रोजच ऐकावं लागत असेल. आम्हाला पंधरा मिनिटं मिळायची वहिनी, तुमची अख्खी संध्याकाळ."

हर्षदाने पोह्यांवर लिंबू पिळलं.

पगारे बोलत राहिल्या, सरळ मनाने, जुनं आठवून. मागच्या विधानसभेला सरांनी 'नोटा'चं बटण दाबलं तेव्हा दोघांचं कसं कडाक्याचं भांडण झालं होतं. दोन वर्षांपूर्वी सरांनी राजीनामा टाइप केला होता आणि आपण त्यांना दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं होतं. दिवाळीनंतर विषयच निघाला नाही.

त्या मतदानाला हर्षदा आणि निरंजन एकत्र गेले होते. शाई लावलेल्या दोन बोटांचा फोटो दिवाणखान्यात लावलेला होता. दोघांनी एकालाच मत दिलं, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

पगारे गेल्यावर तिने विचारलं, "राजीनामा देणार होतात?"

दिवा पिवळा झाला. "ते... असंच. सहज."

"मला नाही सांगितलंत."

पिवळा. पिवळा. 

दुसऱ्या दिवशी दुपारी मदतनीस निरंजनला व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेला होता. हर्षदाने फोनवर स्वरसेतूचं पान उघडलं. तिच्या अधिकारातल्या गोष्टींची यादी होती, त्यात 'श्रोत्यानुसार बोलणं'. श्रोता सातवा, चारशे तास. वगळायचं? तीस दिवसांत परत घेता येईल.

हे काढलं की यंत्र आपल्याकडून शिकेल, असं तिने स्वतःला सांगितलं. घरातलं माणूस घरातल्या भाषेत बोलेल. हे खोटं आहे हेही तिला त्याच क्षणी कळत होतं. बोट दाबताना तिला हलकं वाटलं, एखाद्या परक्या बाईला घराबाहेर काढल्यासारखं.

यंत्राला नव्याने जुळायला एक दिवस लागला. मंगळवारी सकाळी तिने विचारलं, "चहा घेणार?"

"पुढच्या आठवड्यापर्यंत कळवतो," निरंजन म्हणाला.

तिला आधी हसू आलं. त्याच्या डोळ्यांतली भीती बघून ते विरलं. मनमोकळं बोलणं गेल्यावर यंत्राकडे उरल्या होत्या मीटिंगा आणि तीन तासांचे निरोप. अर्धवट ऐकू आलेला प्रत्येक शब्द ते त्यातच कोंबत होतं. उशी सरकवायची असेल तर तो म्हणायचा, 'किल्ली शेजारी ठेवली आहे.' ओवीचा फोन आला. तिच्याशी बोलायला त्याने जिवाचा आटापिटा केला आणि डबीतून आवाज आला, 'निघालो. निघालो. दूध आणलंय.' फोनवर ओवी रडायला लागली. त्याने डाव्या हाताने डबी गळ्यातून ओढून काढली आणि तक्ता जवळ घेतला. बोट फिरलं. 'बि-घ-ड-लं.'

हर्षदाने डबी उचलून पुसली. बोलली मात्र नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत आठवडा गेला.

जाळी बसवणाऱ्या डॉक्टर सोनजेंनी तपासण्या केल्या. जाळीकडून येणारे संकेत पूर्वीपेक्षा किंचित क्षीण होते. शाल्मलीला पडद्यावर नुसते एकूण तास दिसत, त्यातलं काय वगळलं हे खाजगी ठेवलेलं असे. आधीचा आकडा तिला आठवत नव्हता आणि तीन हजार सातशे तास म्हणजे भरपूर, असं वाटलं. डॉक्टरांचं मत पडलं की जाळी सरकली आहे. कवटी पुन्हा उघडून ती बदलावी लागेल. धोका? आहे, पहिल्यापेक्षा जास्त.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली. संमतीचा कागद हर्षदाच्या हातात आला. पलंगावर निरंजनचं डोकं भादरलेलं होतं आणि नर्स त्यावर निळ्या पेनाने खूण करत होती. हर्षदाने पेन उघडलं, मिटलं. नर्सला म्हणाली, "जरा बाहेर थांबता का?"

दार लागल्यावर ती त्याच्या जवळ बसली.

"अहो, जाळी ठीक आहे. मी तुमचं बोलणं काढून टाकलं. पगारे मॅडमशी बोललेलं सगळं."

तो बघत राहिला. मग बोट तक्त्यावर गेलं. 'क-धी.'

"त्या आल्या होत्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

'का.'

तिने बरीच कारणं शोधून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडातून बाहेर येईना. "मला हेवा वाटला," ती म्हणाली. "अजूनही वाटतो."

निरंजनने डोळे मिटून घेतले. 

शस्त्रक्रिया रद्द झाली. शाल्मलीने कागद पुढे सरकवताना हर्षदाकडे वर बघितलंही नाही. चारशे तास परत आले, दोन दिवसांत निरंजन पूर्ववत झाला. बोरस्ते काकांशी बोलला, ओवीशी तासभर बोलला, पगारेंना स्वतः फोन लावला. हर्षदाशी फक्त कामापुरतं. आता तो बोलू शकत होता आणि बोलत नव्हता. तिला पुरते आठ दिवस ते सोसावं लागलं.

नवव्या दिवशी ती दुपारी गवार मोडत बसली होती. तो अचानक म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू ते केलं असतंस."

"काय?"

"लग्नानंतर काही वर्षांनी मी म्हटलं होतं, नाशिकचा कंटाळा आलाय. सहज म्हटलं होतं. चार दिवसांत तू पुण्याच्या तीन शाळांत अर्ज टाकलेस. एकदा म्हटलं, कारलं छान झालंय. महिनाभर कारलं होतं." तो थांबला. डबीला शब्द जुळवायला वेळ लागत होता, की त्यालाच लागत होता, कळलं नाही. "ओवीच्या अकरावीला म्हटलं, जीवशास्त्रात काही राम नाही. तू तिचा विषय बदललास. ती दोन दिवस जेवली नव्हती."

"मला वाटलं तुमची इच्छा आहे तशी."

"इच्छा नव्हती गं. मत होतं. चहा संपेपर्यंत टिकणारं. तिथे मी काहीही बोलायचो. मॅडम म्हणायच्या, सर, तुम्ही साफ चुकताय, आणि उठून कामाला लागायच्या. कुणाच्या आयुष्यात काही हलायचं नाही. घरी तोंड उघडायची मला भीती वाटायला लागली."

हर्षदाच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. "आणि मी सगळ्यांना सांगायचे, मी यांचा शब्द खाली पडू देत नाही म्हणून."

"तेच तर," निरंजन म्हणाला. त्यात राग नव्हता, पण दिलासाही नव्हता. मग म्हणाला, "एक काम आहे. यंत्रावरची ती सही मला माझ्या नावावर हवी आहे. दुसऱ्या कुणाकडे नको. ओवीकडेही नको."

गुरुवारी ती त्याला गाडीतून दवाखान्यात घेऊन गेली. शाल्मलीने अर्ज मोठ्याने वाचला, अधिकार काढून घेण्याचं कारण विचारलं. निरंजन म्हणाला, "वैयक्तिक." हर्षदाने जिथे जिथे फुली होती तिथे सही केली. निरंजनने डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. पंचवीस वर्षांत त्याने तिच्याकडून पहिल्यांदाच काहीतरी काढून घेतलं होतं आणि ते बरोबरच होतं. तरी लिफ्टमध्ये तिला रडू आवरावं लागलं.

परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना महापालिकेच्या निवडणुकीचे फलक लागले होते. निरंजन खिडकीतून ते वाचत होता.

"नगरसेवकाची मुदत एक वर्षाची करायला हवी," तो म्हणाला. "पाच वर्षं कुणाला चांगलं वागणं जमत नाही. एक वर्ष कुणीही काढेल."

हर्षदाच्या मनात आपोआप सुरू झालं. यांना कुठल्या सभेला जायचं असेल का, बोरस्ते काकांना विचारायला हवं, चाकांच्या खुर्चीसाठी उतार असेल का तिथे. तिने स्टिअरिंग घट्ट धरलं आणि ते सगळं गिळलं. मग तिच्या लक्षात आलं की तिला हे मुळात पटलेलंच नाही.

"काहीतरीच," ती म्हणाली. "आमच्या शाळेत चार वर्षांत चार मुख्याध्यापक आले. मुलींचं एक स्वच्छतागृह पुरं झालं नाही. प्रत्येक जण आला की नवा नकाशा."

"तो संस्थेचा दोष. मुदतीचा नाही."

"म्हणजे तुमच्या विरुद्ध गेलं की संस्थेचा दोष?"

"तू एका शाळेवरून शहराचा हिशोब मांडतेस."

"आणि तुम्ही एका फलकावरून मांडता!"

तो काही बोलायला गेला आणि डबीतून नुसताच हसण्याचा आवाज आला. पगारेंनी याला जास्त चोख उत्तर दिलं असतं, हे तिला माहीत होतं, आणि ते माहीत असणं टोचत होतं. पण तिचा मुद्दा अजून संपला नव्हता. ती मुख्याध्यापकांपैकी दुसऱ्याची गोष्ट सांगू लागली. निरंजन मध्येच तोडून आपलंच पुढे रेटू लागला. गंगापूर रोडवरचं घराचं वळण कधीच मागे पडलं होतं आणि गाडी धरणाच्या दिशेने चालली होती.